स्टेपनी कुणाच्या खांद्यावर?

सुट्या चाकाला आपल्याकडे सगळेच ‘स्टेपनी’ म्हणतात. ट्रकचा क्लीनर म्हणतो, रिक्षावाला म्हणतो आणि मोटारीतलं काहीही न कळणारे आजोबाही म्हणतात. हा शब्द आला वेल्समधल्या लानेली या गावाहून. तिथल्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास एक युक्ती काढली. त्या काळी मोटारीबरोबर सुटं चाक मिळतच नसे. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसायचं, टायर उकलायचा, ट्यूब बाहेर काढायची, ठिगळ लावायचं आणि हातपंपानं हवा भरत घाम गाळायचा. डेव्हिस बंधूंनी आरे नसलेलं, हवा भरलेला टायर चढवलेलं एक कडं तयार केलं. ते बसलेल्या चाकालाच बाजूनं आवळायचं आणि पुढे निघायचं. हे कडं देशोदेशी विकलं गेलं. खुद्द इंग्लंडात आज सुट्या चाकाला कुणी स्टेपनी म्हणत नाही. आपल्याकडे मात्र ते नाव कायमचं वस्तीला आलं.

चाक आलं तसा ते ठेवायचं कुठे, हा प्रश्नही आला. साध्या मोटारीत तो डिकीच्या तळाशी सुटून गेला. डोंगर-दगड, वाळू, ओढे तुडवणाऱ्या गाड्यांचा मात्र अजून पुरता सुटलेला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपच्या पाठीला चाक आणि त्याच्या शेजारी पेट्रोलचा डबा असे. मागे उघडणारं दारच नव्हतं, त्यामुळे तंटा नव्हता. १९४५मध्ये शेतकऱ्यांसाठी आणि सामान्य गिऱ्हाइकांसाठी तीच जीप ‘सीजे-२ए’ म्हणून आली, तेव्हा सामान चढवायला मागे फळकं उघडावं लागलं आणि चाकाला बाजूवर जाऊन बसावं लागलं. दार आणि चाक एकाच जागेसाठी भांडतात, ते तेव्हापासून.

आज थार, जिम्नी, गुरखा या गाड्यांनी हे भांडण एका तडजोडीनं मिटवलंय. दार बाजूला उघडायचं आणि चाक दारावरच टांगायचं. तडजोड चांगली आहे, पण तिला एक अट आहे. कारखान्यानं त्या दाराची बिजागरी, पत्रा आणि खटका हे सगळं एका ठरावीक वजनाच्या चाकासाठी बेतलेलं असतं. गाडी घेतल्यावर वर्षभरात हौस येते, चार मोठे, काटेरी टायर चढतात आणि पाचवं चाक त्याच दारावर लटकतं. दुकानदार म्हणतो, ‘‘साहेब, काही होत नाही, सगळे असंच लावतात.’’ सगळे तसं लावतात, हे खरं आहे. काही होत नाही, हे मात्र खरं नाही.

म्हणून कॅरियर कुठलं घ्यावं, या प्रश्नाचं उत्तर टायरच्या दुकानात सुरू होतं. टायरच्या बाजूवर लिहिलेले आकडे वाचता आले, तर निम्मं काम होतं. २०२० साली आलेल्या थारचा एक टायर आहे २४५/७५ आर १६. म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, आणि रिम १६ इंची. हिशेब केला तर टायरची एकूण उंची ७७४ मिलिमीटर, म्हणजे साडेतीस इंच भरते. जिम्नीच्या १९५/८० आर १५चा हिशेब सव्वासत्तावीस इंचांवर येतो. आता हौसेचा ३३ इंची टायर घेतला, तर थारच्या मूळ टायरपेक्षा तो अडीच इंचांनी उंच होतो. रुंदी वाढते, रबर जाड होतं, वजन वाढतं. जिम्नीसारख्या छोट्या गाडीचं चाक रिमसकट वीस किलोंच्या पुढेमागे असतं, थारच्या चाकाचं वजन तिशीच्या आसपास जातं आणि ३३ इंची काटेरी टायर लोखंडी रिमवर चढवला, तर काटा चाळिशीच्या घरात जाऊन थांबतो. चाक विकत घेण्याआधी भंगारवाल्याच्या किंवा धान्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवून बघावं. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे.

दहा किलोंचा फरक तो काय, असं वाटेल. पण दार म्हणजे एका कडेला धरलेली फळी. वजन बिजागरीपासून जितकं दूर, तितका त्याचा ओढा जास्त. तीस किलोंचं चाक बिजागरीपासून ६० सेंटिमीटरवर असेल आणि त्याऐवजी चाळीस किलोंचं चाक ६५ सेंटिमीटरवर आलं, तर वजन वाढलं एक तृतीयांशानं. पण बिजागरीवरचा ओढा वाढला जवळजवळ ४५ टक्क्यांनी. ही झाली उभ्या गाडीची गोष्ट. माळशेज घाटातल्या पावसाळी खड्ड्यांत किंवा स्पितीच्या दगडगोट्यांच्या वाटेवर गाडी दिवसभर आपटते, तेव्हा प्रत्येक आपट्याला तेच चाक क्षणभर दुप्पट-तिप्पट जड होऊन दाराला हिसका देतं. लोखंड एका हिसक्यानं तुटत नाही, हजारो हिसक्यांनी थकतं. सुरुवातीला ब्रॅकेटच्या बोल्टाभोवती रंगाला केसासारखी चीर दिसते. मग दार लावताना किंचित उचलावं लागतं. मग खालच्या कोपऱ्यातून धूळ आणि पावसाचं पाणी आत यायला लागतं. या तीन खुणा ओळखायला मिस्त्री लागत नाही. दार अर्धं उघडून मोकळ्या कडेला दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून बघावं. बिजागरीत खुळखुळ जाणवली, तर दार काहीतरी सांगतंय.

काही जण मोठा टायर दारावरच्या रबरी गुटक्यांना अडतो म्हणून ब्रॅकेटखाली वॉशर किंवा स्पेसर घालून चाक बाहेर घेतात. हा उपाय रोगापेक्षा वाईट. चाक जितकं बाहेर, तितका ओढा आणखी वाढतो. उलट, चाक त्या रबरी गुटक्यांवर घट्ट टेकलेलंच हवं. टेकलं नाही तर ते रस्ताभर थरथरत राहतं.

मग चाक दुसरीकडे का ठेवू नये? टपावर ठेवलं, तर गाडीचं वजन वर सरकतं आणि उतारावर आडवी चालताना गाडी कलंडायला आणखी एक कारण मिळतं. शिवाय रात्री घाटात तीस-चाळीस किलोंचं चाक डोक्यावरून खाली कोण उतरवणार? गाडीखाली टांगलं, तर मागच्या चाकापासून गाडीच्या शेपटापर्यंतची जी तिरकी मोकळी जागा ओढ्याचा काठ चढताना-उतरताना लागते, तीच कमी होते. चिखलानं भरलेली साखळी ऐन वेळी सुटत नाही, हे वेगळंच. आत मागच्या सीटजवळ ठेवलं तर सामानाची जागा जाते. ते पक्कं बांधलेलं नसेल, तर अपघातात तेच चाक घरच्या माणसांवर येऊन आदळतं. म्हणजे फिरून गाडी पाठीवरच येते.

पाठीवर तीन पर्याय उरतात. पहिला, दारावरचं मूळ ब्रॅकेट तसंच ठेवायचं आणि टायर मूळ मापाच्या जवळपासचा घ्यायचा. सुट्टीत कोकणात जाणाऱ्या, वर्षातून एकदा लेह-लडाखचा बेत आखणाऱ्या, शनिवारी मुलांना शाळेत सोडणाऱ्या दहा घरांपैकी नऊ घरांसाठी हाच पर्याय योग्य आहे. कॅरियर विकणारा हे सांगणार नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

दुसरा पर्याय म्हणजे दाराच्या बिजागऱ्या बदलून किंवा त्यांच्यावरून जाड पट्टीचा सांगाडा घालून चाकाचं वजन थेट बिजागरीवर आणि तिच्यामागच्या खांबावर घेणं. दाराचा पत्रा त्यामुळे वाचतो, दार पूर्वीसारखं एका हातानं उघडतं आणि गाडीचं वजन फारसं वाढत नाही. चाक मूळ चाकापेक्षा थोडंसंच जड असेल, तर हे पुरतं. मात्र हा सांगाडा त्याच गाडीच्या त्याच वर्षाच्या मॉडेलसाठी बनवलेला हवा. ‘थोडं घासून बसवून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. शिवाय ओझं शेवटी गाडीच्या पत्र्याच्या अंगावरच राहतं, हे विसरू नये.

तिसरा पर्याय मागच्या बंपरवरचं फिरतं कॅरियर. बंपर चासीला बोल्टांनी जखडलेला, त्याच्या एका टोकाला उभा खुंट आणि त्या खुंटाभोवती फिरणाऱ्या दांड्यावर चाक. इथे दार मोकळं होतं आणि सगळं ओझं चासीवर जातं. खरोखर मोठी चाकं वापरणाऱ्याला याशिवाय गत्यंतर नाही. पण बाजारात याच्याच नावाखाली सगळ्यात जास्त बनवाबनवी चालते. काळा रंग मारला की सगळीच कॅरियरं मजबूत दिसतात.

बघायचं ते खुंटाकडे. त्यात निमुळती रोलर बेअरिंग आहेत की नुसतं पाइपात पाइप घातलाय? ग्रीस भरायला निपल आहे का? पाइपात पाइप घातलेलं कॅरियर नवं असताना लोण्यासारखं फिरतं. एका पावसाळ्यानंतर ते करकरतं आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर दांड्याचं टोक बोटभर खाली झुकतं. मग खटका बसत नाही आणि मालक हातोडी घेऊन उभा राहतो. दांडा मिटल्यावर त्याचं मोकळं टोक एखाद्या उतरत्या गुटक्यावर टेकायला हवं, म्हणजे चालत्या गाडीत वजन खुंट आणि गुटका असं दोघांत वाटलं जातं. टोक अधांतरी राहून नुसत्या खटक्यानं धरलेलं असेल, तर ते कॅरियर कितीही जाड असलं तरी नको.

खटक्याला जोड म्हणून दुसरी पिन हवी. एक सुटली तर दुसरीनं धरावं. महामार्गावर चाळीस किलोंचं चाक दांड्यासकट उघडलं, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय होईल, याची कल्पना करायला फार प्रतिभा लागत नाही. तितकंच महत्त्व दांडा उघडा धरून ठेवणाऱ्या अडसराला. चढावर गाडी उभी करून मागून सामान काढताना दांडा आपोआप मिटला, तर तो बोटं आणि डोकं यांत भेद करत नाही. दुकानात सपाट फरशीवर ही गोष्ट कधीच कळत नाही. गाडी उतारावर लावून, आधी तोंड वर आणि मग तोंड खाली करून, दोन्ही वेळा दांडा उघडून बघावा.

वेल्डिंगची शिवण सलग, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी दिसली पाहिजे. थेंबाथेंबानं टाचलेली किंवा पुट्टी भरून गुळगुळीत केलेली शिवण असेल तर संशय घ्यावा. पोकळ चौकोनी पाइपाच्या तळाला पाणी निथळायला भोक आहे का, तेही बोट लावून बघावं. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत बंद पाइप आतून कुजतो आणि बाहेरचा रंग शेवटच्या दिवसापर्यंत चकचकीत राहतो.

आता घरातल्या माणसांचा विचार. अशा बहुतेक कॅरियरमध्ये आधी दांडा फिरवायचा आणि मग दार उघडायचं, अशा दोन पायऱ्या असतात. बाजारातून दोन पिशव्या घेऊन आलेल्या बाईला एका हातानं पिन ओढायची, दुसऱ्यानं दांडा ढकलायचा आणि मग दार उघडायचं, हे रोज करायला सांगणं म्हणजे गाडीची डिकी कायमची बंद करण्यासारखंच आहे. दांडा आणि दार यांना जोडणारी दुवा-पट्टी असलेली कॅरियरं मिळतात, त्यात एका ओढीत दोन्ही उघडतात. त्यांचे सांधे जास्त, त्यामुळे देखभाल जास्त. पण गाडी घरची असेल, तर हीच घ्यावीत. आणि कॅरियर पसंत करायला गाडी चालवणारी घरातली सगळी माणसं जावीत. एकट्या हौशी माणसानं घेतलेलं कॅरियर बाकीच्यांच्या डोक्याला ताप होतं.

मोठं चाक मागच्या काचेसमोर येतं, हा त्याहून गंभीर मामला आहे. आरशातून आधीच कमी दिसणारी जागा आणखी झाकली जाते. सोसायटीच्या आवारात तीनचाकी सायकल घेऊन फिरणारं चार वर्षांचं पोर त्या चाकाच्या आड पूर्णपणे लपतं. चाकाची उंची अशी हवी की वरून निदान अर्धी काच मोकळी राहील. मागचा कॅमेरा आणि सेन्सर झाकले जाणार असतील, तर कॅमेरा चाकाच्या मधोमध हलवायची सोय त्याच कॅरियरमध्ये असावी. वरचा तिसरा ब्रेक-दिवा मागच्या गाडीला दिसला पाहिजे आणि नंबरप्लेट, तिच्या दिव्यासकट, पूर्ण वाचता आली पाहिजे. गाडी उलटी घेताना भिंतीला आता बंपरच्या आधी चाक लागणार आहे, याचीही सवय करून घ्यावी लागते.

कायद्याकडे बहुतेक जण डोळेझाक करतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की, नोंदणीतला तपशील कारखान्यानं ठरवून दिलेल्या तपशिलापासून वेगळा होईल असा बदल मालकानं करू नये. डिसेंबर २०१७मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं याच कलमावर बोट ठेवून गाड्यांना लावल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅशगार्डवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं. जानेवारी २०१९मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही मूळ घडणीत मनमानी बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-एनुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. मूळ बंपर काढून जाड लोखंडी बंपर बसवणं हे या चौकटीत सरळ संशयाच्या जागी येतं. म्हणून गाडीच्या कंपनीची स्वतःची अधिकृत जोडणी मिळत असेल, तर ती पहिली पसंती. नसेल, तर आरटीओत आधी विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवून तिचं लेखी उत्तर घ्यावं. अपघातानंतर सर्व्हेअर आला की तोंडी आश्वासनांना काडीची किंमत नसते.

चाकच नको, असाही एक विचार अलीकडे पुढे येतो. जुलै २०२०मधल्या नियमबदलानं साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाड्यांना, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच असेल, तर सुट्या चाकातून सूट मिळाली. शहरातल्या गाडीला ते ठीक. पण दुरुस्तीचा संच खिळ्याचं भोक बुजवतो. धारदार दगडानं टायरची बाजूची भिंत फाडली, तर तो संच हातात धरून बसण्यापलीकडे काही करता येत नाही. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी अनेक वर्षं प्रवाशांना बजावत आली. अशा वाटेवर पाचवं चाक लागतंच, आणि तेही बाकीच्या चारांच्याच मापाचं. चार ३३ इंची आणि पाचवं कंपनीचं जुनं साडेतीस इंची ठेवून निघालेली गाडी फोर-व्हीलमध्ये घातली की लहान-मोठ्या चाकांची ओढाताण थेट गिअरांवर येते.

कॅरियर आलं की त्याच्यावर आणखी काय काय टांगावं, याचा मोह सुरू होतो. डिझेलचा डबा, पाण्याचा डबा, उंच जॅक, फावडं, घडीचं टेबल. बंपर, दांडा आणि चाक मिळून शे-सव्वाशे किलो मागच्या चाकांच्याही मागे लोंबू लागतात. बाराशे किलोंच्या जिम्नीला हे फार होतं. शेपूट दबतं, पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात आणि स्टिअरिंग हलकं, पोकळ लागतं. पेट्रोलनं भरलेला डबा तर मागे टांगूच नये. मागून धडक बसली तर पहिला फुटणार तोच.

उन्हातान्हात उघड्यावर राहणारं चाक न वापरताही म्हातारं होतं. टायरच्या बाजूवर कोरलेले शेवटचे चार आकडे त्याची जन्मतारीख सांगतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. हवा चार चाकांत भरताना पाचव्यात भरायची राहते, म्हणून व्हॉल्व्हचं तोंड हाताला येईल असं बाहेर ठेवावं.

कॅरियर बसवल्यावर शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवून सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत. नंतर एखाद्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घरच्यांनी चाक खरंच उतरवून, बसवून बघावं. चाक दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरायचा हट्ट करू नये. ते खाली येताना मांडीवर टेकवावं, जमिनीवर उभं करून लोटत न्यावं, आणि चढवताना फळी किंवा पाना तरफेसारखा खाली घालावा. बायको, वडील, कॉलेजातली मुलगी, ज्यांना ज्यांना ही गाडी चालवायची आहे, त्यांतल्या कुणालाच चाक परत वर ठेवता आलं नाही, तर कॅरियर फार उंच आहे. ते तेव्हाच खाली घ्यायला सांगावं. चोरीच्या भीतीनं एक लॉक नट लावलेला असतो, त्याची किल्ली या रविवारी हमखास सापडत नाही. ती सापडली की जॅकच्या पिशवीत शिवून टाकावी आणि दुसरी घरात ठेवावी.